साइट अडकते, ओटीपी येत नाही, पैसे कटतात पण पावती निघत नाही: काय तपासायचं आणि कोणत्या क्रमाने

आमचं तालुक्याच्या गावी झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. स्कॉलरशिप, अकरावीचा प्रवेश, उत्पन्नाचा दाखला, भरतीचे फॉर्म, पीएफ, लाइट बिल, सगळं इथे होतं, आणि दर सीझनला तोच एक बिघाड समोर येतो. शेवटची तारीख जवळ आली की साइट चालत नाही. लोक घरून रात्रभर प्रयत्न करून दमून येतात, कुणाचे दोनदा पैसे गेलेले असतात, कुणाचा ओटीपी बंद झालेला असतो, आणि प्रत्येकाला वाटतं आपल्याच मोबाइलमध्ये काहीतरी खराब झालंय. बहुतेक वेळा मोबाइल ठीक असतो. म्हणून मी दुकानात ज्या क्रमाने तपासतो तोच क्रम इथे लिहितोय, आधी फुकटातलं आणि सोपं, मग वेळ खाणारं, आणि शेवटी कुठे थांबून दुसऱ्याला बोलवायचं ते.

आधी लक्षणं बघा

यातलं तुमचं कोणतं ते नीट ओळखा, कारण प्रत्येकाचं मूळ वेगळं असतं.

- पान उघडतच नाही, नुसतं गोल फिरत राहतं आणि शेवटी पांढरं पान.
- पानावर ५०२, ५०३ किंवा ५०४ असा आकडा येतो.
- ४२९ किंवा ४०३ येतो.
- लॉगिन होतं, अर्धा फॉर्म भरून होतो आणि सेव्ह दाबलं की सेशन संपलं म्हणून बाहेर फेकतं.
- कॅप्चाचं चित्रच दिसत नाही, किंवा बरोबर टाकूनही चूक सांगतं.
- ओटीपी येत नाही, उशिरा येतो, किंवा येतो पण चुकीचा आहे म्हणतं.
- फोटो, सही नाहीतर पीडीएफ अपलोड होताना नव्वद टक्क्यांवर अडकतं.
- रेंज फुल दाखवते पण काहीच उघडत नाही.
- पैसे कटल्याचा मेसेज आला, पावती नाही, साइटवर अजून पेमेंट बाकीच दाखवतंय.

शेवटचं लक्षण असेल तर बाकी काही न करता थेट खाली पैशांच्या भागात जा, आणि तोपर्यंत पुन्हा पेमेंट करू नका.

सगळ्यात पहिलं: हात थांबवा

याला एक पैसा लागत नाही आणि हेच कुणी करत नाही. साइट अडकली की माणूस रिफ्रेश मारतो, मग परत मारतो, मग दुसऱ्या टॅबमध्ये उघडतो, मग बायकोच्या मोबाइलवर पण तेच लॉगिन लावतो. तुम्ही रिफ्रेश दाबलं की तुमची आधीची मागणी रद्द होते असं समजू नका, तिकडच्या सर्व्हरवर ती बऱ्याचदा चालूच असते आणि तुमचीच दुसरी मागणी तिच्या मागे रांगेत लागते. सर्व्हर एका वेळी ठरावीक लोकांचंच काम करू शकतो, त्यामुळे रांग वाढते, उत्तर यायला उशीर होतो, उशीर झाला म्हणून लोक अजून दाबतात. एसटीच्या दारात सगळे एकदम घुसले की आतल्याला उतरताही येत नाही, तसं होतं.

हे मी अंदाजाने सांगत नाहीये. १२ एप्रिल २०२५ ला देशभर यूपीआय कित्येक तास अडखळत होतं. नंतर एनपीसीआयच्या (यूपीआय चालवणारी संस्था) तपासात जे पुढे आलं ते असं की काही बँकांकडून 'हा व्यवहार झाला का' अशी तीच तीच विचारणा प्रचंड प्रमाणात येत होती आणि त्या विचारण्याच्याच ओझ्याने गाडं मंदावलं. म्हणून १ ऑगस्ट २०२५ पासून नियम आले, एका ॲपमधून दिवसाला ५० वेळाच बॅलन्स बघता येतो, आणि अडकलेल्या पेमेंटची स्थिती तीनदाच तपासता येते, प्रत्येक वेळेच्या मध्ये ९० सेकंदांचं अंतर ठेवून. एवढ्या मोठ्या यंत्रणेला जर नुसतं विचारून विचारून दम लागू शकतो तर जिल्ह्याच्या एखाद्या पोर्टलचं काय होत असेल.

तर, एकदा दाबा, दोन मिनिटं थांबा. उत्तर आलं नाही तर बाकीचे सगळे टॅब बंद करा, दुसऱ्या मोबाइलवरचं लॉगिन बंद करा, आणि पुढची तपासणी करा. एकच अकाउंट दोन ठिकाणी उघडं असलं की बऱ्याच पोर्टलवर पहिलं सेशन तुटतं, तुमचा अर्धा भरलेला फॉर्म त्यातच जातो.

अडकलंय कुठे ते शोधा

चार जागा असतात: तुमचा मोबाइल, तुमचं नेट, समोरची साइट, आणि पैसे असतील तर बँक. कोणती जागा अडकली ते कळल्याशिवाय काहीही करणं म्हणजे वेळ घालवणं.

दुसऱ्या दोन साइट उघडून बघा, एखादं बातम्यांचं पान आणि एखादं मोठं शोधायचं पान, पण आधी कधी न उघडलेलं काहीतरी शोधा, कारण जुनं पान मोबाइलमध्ये साठवलेलं असतं आणि नेट नसतानाही दिसतं. ती झटकन उघडली म्हणजे तुमचं नेट ठीक आहे. मग तीच अडलेली साइट वायफाय बंद करून मोबाइल डेटावर बघा, किंवा उलट. दोन्हीवर अडकते म्हणजे अडचण तिकडे आहे, तुम्ही राऊटर बंद-चालू करून काही होणार नाही. एकावर चालते आणि एकावर नाही, म्हणजे अडचण त्या एका नेटची आहे.

एवढ्या एका तपासणीने निम्मे लोक शांत होतात. परवा एक काकू आल्या, घरचं वायफायवालं मशीन मुलाने तीनदा रीसेट केलं म्हणाल्या, त्यात सेटिंगच उडाली, आणि मूळ साइटच तेव्हा बंद होती.

आकडा वाचा

एररचं पान आलं की लोक ते न वाचता बंद करतात. पाचाने सुरू होणारा आकडा, म्हणजे ५०२, ५०३, ५०४, असा सरळ अर्थ की दोष तिकडच्या सर्व्हरचा आहे. ५०३ म्हणजे सर्व्हरवर ताण आहे किंवा देखभालीसाठी बंद ठेवलाय, ५०४ म्हणजे पुढच्या मशीनने मागच्याला विचारलं आणि मागून वेळेत उत्तरच आलं नाही. यात तुमच्या हातात फक्त थांबणं आहे. आणि स्क्रीनशॉट काढणं, त्यात वरची वेळ दिसली पाहिजे, हा स्क्रीनशॉट पुढे कामाला येतो.

४२९ आला तर तुमच्याकडूनच खूप वेळा मागणी गेलीय म्हणून साइटने तुम्हाला थोडा वेळ अडवलंय. अर्धा तास ती साइट उघडूच नका. कॉलेजच्या किंवा हॉस्टेलच्या वायफायवर एकाच बाहेरच्या पत्त्यावरून शेकडो पोरं जातात, तिथे हा प्रकार जास्त दिसतो, मोबाइल डेटावर गेलं की सुटतो.

४०३ आला की आधी व्हीपीएन बघा, म्हणजे तुमचं नेट दुसऱ्या देशातून आल्यासारखं दाखवणारी सोय. बऱ्याच सरकारी साइट भारताबाहेरून आलेली मागणी घेत नाहीत, आणि मोबाइलमध्ये कुठल्यातरी फुकट ॲपने व्हीपीएन चालू करून ठेवलेला असतो. दुबईत नाहीतर लंडनला असलेली आपली माणसं गावच्या जमिनीची कागदपत्रं काढायला जातात तेव्हा त्यांना पण हेच येतं, त्यांनी इथल्या घरच्या माणसाकडून काढून घेतलेलं बरं.

वेळ बदला, दार बदला

साइटच भरलेली असेल तर सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे वेळ. सकाळी पाच ते सात. खरंच उठा. तेव्हा जे काम वीस मिनिटांत होतं ते सकाळी अकराला दोन तास घेतं. रात्री बारानंतर लोक बसतात पण तेव्हा बऱ्याच बँकांची दिवसअखेरची कामं आणि पोर्टलची देखभाल चालते, पेमेंट लटकायची भीती जास्त, रेल्वेचं ऑनलाइन आरक्षण तर रात्री पावणेबारा ते साधारण बारा वीस बंदच असतं. यूपीआयवर सकाळी १० ते दुपारी १ आणि संध्याकाळी ५ ते रात्री ९:३० ही गर्दीची वेळ एनपीसीआयनेच धरलेली आहे, फी भरायची असेल तर ती टाळा.

दुसरं म्हणजे तीच गोष्ट दुसऱ्या दारातून मिळते का बघा. १६ जुलै २०२१ ला दहावीचा निकाल लागला तेव्हा निकालाच्या साइट कित्येक तास उघडत नव्हत्या, पोरांचे चेहरे आठवतात मला. आता बोर्ड निकाल एकापेक्षा जास्त साइटवर देतं आणि डिजिलॉकरवर पण मिळतो, मग एकाच साइटवर डोकं आपटायची गरज नाही, डिजिलॉकरचं अकाउंट आदल्या आठवड्यातच उघडून ठेवा. पीएफचं पासबुक उमंग ॲपवर दिसतं, नुसता बॅलन्स हवा असेल तर नोंदवलेल्या नंबरवरून मिस कॉल देऊन पण मेसेज येतो. किराणा, चहा, रिक्षा असले छोटे पैसे यूपीआय लाइटवर (पेमेंट ॲपमधलं छोट्या रकमेचं पाकीट) ठेवा, त्यात एकावेळी १००० रुपयांपर्यंत पिन न टाकता जातात आणि प्रत्येक वेळी बँकेच्या मुख्य सर्व्हरला हात लावावा लागत नाही, म्हणून बँकेचा सर्व्हर रडत असताना पण ते बहुतेक वेळा चालतं.

मोबाइलच्या बाजूचं, पाच मिनिटांचं काम

इथे क्रम पाळा.

डेटा पॅक बघा. रोजचा दीड नाहीतर दोन जीबी संपला की स्पीड ६४ केबीपीएसवर येतो, चॅटचे मेसेज कसेबसे जातात म्हणून माणसाला वाटतं नेट चालू आहे, पण फॉर्मचं पान उघडणार नाही. संध्याकाळी पोरांच्या मोबाइलवर हे सर्रास असतं.

तारीख आणि वेळ ऑटोमॅटिकवर आहे का बघा. बॅटरी पूर्ण उतरून मोबाइल चालू केला किंवा कुणी हाताने वेळ बदलली असेल तर सुरक्षित साइटचं प्रमाणपत्र जुळत नाही आणि साइट धोकादायक आहे अशी सूचना येते. वेळ नीट केली की सूचना जाते. वेळ बरोबर असूनही सूचना येत असेल तर मात्र पुढे जा म्हणून दाबू नका, पत्ता परत तपासा, कारण प्रत्येक मोठ्या योजनेच्या नावाने नकली साइट निघतात.

मग ब्राऊझरच्या इनकॉग्निटो म्हणजे खासगी विंडोत उघडा. तिथे चाललं तर जुन्या कुकीचा (साइटने ब्राऊझरमध्ये साठवलेल्या नोंदीचा) घोळ आहे, फक्त त्या एका साइटचा डेटा साफ करा, पूर्ण ब्राऊझरचा इतिहास उडवू नका, नाहीतर सगळीकडचे पासवर्ड परत टाकत बसाल. कॅप्चा न दिसणं, लॉगिन होऊन परत लॉगिनलाच येणं, हे बऱ्याचदा इथेच सुटतं. डेटा सेव्हर आणि जाहिरात अडवणारं ॲप बंद करा, पेमेंटचं पान वेगळ्या खिडकीत उघडतं आणि ती खिडकी हेच अडवतात, माणसाला वाटतं बटण चालत नाही.

अपलोड अडकत असेल तर नेटच्या आधी फाइल बघा. पोर्टलने ५० केबी सांगितलं असेल तर तुमचा ४ एमबीचा फोटो जाणारच नाही, आणि गर्दीच्या वेळी साइट तसं नीट सांगतही नाही, नुसती फिरत राहते. आयफोनचा फोटो वेगळ्या फॉरमॅटचा असतो, तो जेपीजी करून घ्या. फाइलचं नाव साध्या इंग्रजी अक्षरात आणि मधे जागा न सोडता ठेवा, मराठी नाव किंवा कंस असलेली फाइल काही पोर्टल घेत नाहीत.

आणि फॉर्म साइटवर बसून विचार करत भरू नका. आधी वहीत सगळं लिहा, बँकेचा आयएफएससी, वडिलांचं उत्पन्न, सीट नंबर, प्रमाणपत्राचा बारकोड, सगळं. सेशन किती मिनिटांचं आहे ते साइट सांगत नाही आणि बहुतेक ठिकाणी दहा-पंधरा मिनिटं काही केलं नाही की तुटतं. प्रत्येक पानाला सेव्ह करा, ब्राऊझरचं मागे जायचं बटण दाबू नका.

ओटीपीचं वेगळं

ओटीपी मागितला की थांबा. लोक तीस सेकंदांत परत मागतात, मग परत, आणि गर्दीत पहिला ओटीपी चार मिनिटांनी येतो तोपर्यंत त्यांनी तिसरा मागितलेला असतो. शेवटचा मागितलेलाच चालतो, पहिला टाकला की चूक, तीनदा चूक झाली की अकाउंट अडतं. म्हणून एकदाच मागा आणि पाच मिनिटं बसा. आधारचा ओटीपी १० मिनिटं चालतो, घाई नाही.

तरी आला नाही तर ही चौकशी करा. आधारला कोणता नंबर जोडलाय? नंबरचे शेवटचे आकडे साइट दाखवते, ते कुणी वाचत नाही, आणि तो नंबर निघतो गावाकडच्या भावाचा नाहीतर पाच वर्षांपूर्वी बंद केलेला. त्या सिमचा रिचार्ज संपून किती दिवस झाले? येणारे मेसेज पण काही दिवसांनी बंद होतात. सिम कालच बदललं का? सिम बदललं की फसवणूक टाळायला २४ तास मेसेज बंद ठेवले जातात, त्यात तुमच्या मोबाइलचा किंवा साइटचा दोष नाही, उद्या या असंच मी सांगतो. मेसेजच्या ॲपमध्ये स्पॅमचा कप्पा उघडून बघा. डीएनडी (जाहिरातींचे मेसेज अडवायची सोय) चालू आहे म्हणून ओटीपी अडत नाही, तो गैरसमज आहे.

लाडक्या बहिणींच्या ई-केवायसीच्या वेळी, २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात, गावोगावच्या बाया कामाची मजुरी बुडवून ओटीपीसाठी ताटकळत बसल्या होत्या. त्यांना कुणी नीट सांगितलं नाही की अडचण तिकडची आहे, तुमचं काही चुकलेलं नाही. मला याचा राग येतो. एवढ्या लोकांना एकाच वेळी एकाच दारात बोलवायचं असेल तर जिल्ह्यानुसार किंवा आडनावाच्या अक्षरानुसार तारखा वाटून द्यायला काय हरकत आहे.

नेटच्या बाजूचं, याला जरा वेळ लागतो

रेंज फुल आणि नेट शून्य, हा टॉवरवरच्या गर्दीचा प्रकार आहे. वरच्या काड्या एवढंच सांगतात की टॉवरचा आवाज तुमच्यापर्यंत नीट पोचतोय, टॉवरवर जागा किती शिल्लक आहे ते त्या सांगत नाहीत. आठवडे बाजाराला, जत्रेला, लग्नाच्या दाट तिथीला, मॅचच्या दिवशी हे होणारच, पंढरपूरला आषाढीला जाऊन आलेल्या कुणालाही विचारा.

विमान मोड दहा सेकंद लावून काढा, मोबाइल टॉवरशी नव्याने जोडला जातो, कधी कमी गर्दीच्या पट्ट्यावर जातो. सेटिंगमध्ये जाऊन ५जी बंद करून ४जीवर टाकून बघा, जिथे ५जी लांबून आणि अर्धवट येतं तिथे मोबाइल सतत वर-खाली करत बसतो. दोन सिम असतील तर डेटा दुसऱ्या सिमवर टाका. आणि सरळ उठून गच्चीवर नाहीतर गावाच्या दुसऱ्या टोकाला जा, कधी कधी पाचशे मीटरने दुसरा टॉवर मिळतो.

घरचं वायफाय असेल आणि संध्याकाळीच रडत असेल तर आधी राऊटरच्या शेजारी बसून बघा. तिथे चाललं आणि आतल्या खोलीत नाही चाललं तर अडचण वायफायची आहे, लाइनची नाही. २.४ गिगाहर्ट्झ लांब जातं पण शेजारपाजारच्या सगळ्यांचे राऊटर त्याच पट्ट्यात बोलतात, ५ गिगाहर्ट्झ भिंतीत अडतं पण मोकळं असतं. बिल्डिंगमध्ये राहत असाल तर फॉर्म भरायला ५ वर जा किंवा लॅपटॉपला सरळ वायर लावा. घरातल्या टीव्हीवर पिक्चर आणि मोबाइलवर फोटोंचा बॅकअप चालू असेल तर तो थांबवा, बॅकअप अपलोडची जागा खातो आणि फॉर्मची कागदपत्रं पण अपलोडनेच जातात. स्पीड टेस्ट केलीत तर नुसता डाऊनलोडचा मोठा आकडा बघून खूश होऊ नका, अपलोड आणि पिंग (उत्तर यायला लागणारा वेळ) बघा. राऊटरच्या शेजारी वायरनेही फक्त रात्री आठ ते अकरा स्लो आणि सकाळी मस्त, असं रोज होत असेल तर तुमच्या ऑपरेटरने एका लाइनवर जास्त घरं टाकलीत, ते तुम्ही घरात बसून दुरुस्त करू शकत नाही.

पैसे कटले, पावती नाही

इथे सगळ्यात जास्त नुकसान होतं म्हणून सावकाश वाचा.

साइटवर 'पेमेंट फेल' आलं तरी लगेच परत भरू नका. तुमच्या बँकेतून पैसे निघाले आणि साइटला ते कळलं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि गर्दीत दुसरीला उशीर होतो. आधी बँकेचा मेसेज बघा, नाहीतर पासबुकातली नोंद बघा, पेमेंट ॲपच्या स्क्रीनवर विसंबू नका, ती स्क्रीन कधी कधी बराच वेळ पेंडिंग दाखवत राहते. यूपीआय असेल तर त्या व्यवहाराचा १२ आकडी यूटीआर नंबर असतो, तो लिहून घ्या. कार्ड किंवा नेट बँकिंग असेल तर ट्रान्झॅक्शन आयडी आणि वेळ. आता पोर्टलवर परत लॉगिन करा आणि पेमेंटची स्थिती तपासा किंवा व्हेरिफाय असं काही बटण आहे का शोधा, बहुतेक फीच्या पोर्टलवर असतं पण कोपऱ्यात लपलेलं असतं. ते दाबलं की साइट बँकेला परत विचारते आणि बऱ्याचदा तिथल्या तिथे पावती निघते. नाही निघाली तर अर्ध्या-एक तासाने एकदा, मग दुसऱ्या दिवशी सकाळी.

शेवटची तारीख आजच असेल आणि रात्रीपर्यंत पावती निघाली नाही, तर मी गिऱ्हाइकाला सांगतो की जमत असेल तर दुसऱ्यांदा भरा, वर्ष वाया जाण्यापेक्षा फी अडकलेली बरी, पण दोन्ही नंबर जपून ठेवा. तारखेला दिवस शिल्लक असतील तर अजिबात दुसऱ्यांदा भरू नका.

पैसे परत यायचा नियम रिझर्व्ह बँकेने २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकात घालून दिलाय. यूपीआयने दुसऱ्या माणसाला पाठवलेले आणि अडकलेले पैसे व्यवहाराच्या पुढच्या दिवसापर्यंत परत आले पाहिजेत, दुकानदाराला किंवा पोर्टलला भरलेले पाच दिवसांत. त्याच्यापुढे उशीर झाला तर बँकेने दिवसाला १०० रुपये भरपाई द्यायची असते, आणि ती मागावी न लागता. हे बँकेत जाऊन सांगा, परिपत्रकाची तारीख सांगितली की समोरचा माणूस नीट ऐकतो.

क्रम असा: पहिल्यांदा पेमेंट ॲपमध्येच त्या व्यवहारावर तक्रार टाका, मग बँकेत लेखी, तक्रार नंबर घ्या. ३० दिवसांत उत्तर नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, फुकट, माहितीसाठी १४४४८ वर फोन लागतो.

एक गोष्ट मात्र हात जोडून सांगतो. कस्टमर केअरचा नंबर गूगलवर शोधू नका. तो ॲपच्या आत, कार्डाच्या मागे नाहीतर पासबुकावर असतो. पैसे परत देतो म्हणून कुणी पिन टाकायला सांगितलं, क्यूआर स्कॅन करायला सांगितलं, स्क्रीन दाखवणारं ॲप घ्यायला सांगितलं, की फोन ठेवा. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. गेलेच तर लगेच १९३० ला (सायबर फसवणुकीची हेल्पलाइन) फोन करा, जितक्या लवकर कराल तितकी रक्कम गोठवायची शक्यता जास्त. आणि साइट बंद असताना 'माझ्याकडे डायरेक्ट सर्व्हरची लिंक आहे, जास्तीचे पाचशे द्या' म्हणणाऱ्याकडे आधार आणि ओटीपी देऊ नका, अशी कुठलीही लिंक नसते.

इथे थांबा आणि माणसाला बोलवा

राऊटरवर एलओएसचा लाल दिवा लागला म्हणजे फायबरमधून प्रकाशच येत नाहीये, वायर कुठेतरी तुटलीय किंवा दुमडलीय. तिला हात लावू नका, टोक डोळ्यासमोर धरून बघू नका, त्यातला लेझर दिसत नाही पण डोळ्याला लागतो. खांबावरच्या, जिन्यातल्या डब्याला पण हात लावू नका. ऑपरेटरचा माणूस बोलवा.

मोबाइलच्या नेटचा त्रास आठवडाभर एकाच जागी एकाच वेळी होत असेल तर १९८ वर (मोबाइल कंपनीचा तक्रारीचा नंबर) तक्रार नोंदवा आणि डॉकेट नंबर म्हणजे तक्रारीचा क्रमांक घ्या, तोंडी बोलून सोडू नका. त्यांनी दाद दिली नाही तर कंपनीच्याच अपिलीय प्राधिकाऱ्याकडे जाता येतं, पण त्याला तो नंबर लागतो.

ओटीपीचा गोंधळ नंबर बदलल्यामुळे असेल तर आधी आधारमधला नंबर बदलून घ्यावा लागतो, आधार केंद्रावर तो बदलून मिळतो. इन्कम टॅक्सचं रिटर्न अडलं असेल तर तारखेच्या आदल्या आठवड्यात सीएकडे जा. २०२५ ला मुदत १५ सप्टेंबर होती, ती एक दिवसाने वाढवली ती १५ तारखेला रात्री उशिरा. अकरावीची राज्यभराची नोंदणी त्याच वर्षी २१ मेला सुरू झाली, साइट पहिल्याच दिवशी बसली आणि नोंदणी २६ मेपासून धरली गेली. मुदत वाढते कधी कधी, पण ती वाढेल असं धरून बसायला लागलात तर शेवटचा अर्धा तास उरतो आणि त्यात सगळं गाव असतं.

आणि शेवटच्या दिवशी साइट खरंच बंद असेल तर दुपारी चारच्या आत घरातून निघा. कॉलेज, पंचायत समिती, समाजकल्याण, जिथला फॉर्म असेल तिथे साध्या कागदावर अर्ज लिहा: नाव, अर्ज क्रमांक, कोणत्या तारखेला किती वाजता प्रयत्न केला, काय एरर आला, पेमेंट झालं असेल तर यूटीआर. सोबत वेळ दिसणाऱ्या स्क्रीनशॉटच्या प्रिंट जोडा. दोन प्रती करा, एकीवर आवकचा शिक्का आणि तारीख घेऊन ती पोच स्वतःकडे ठेवा. तोच मजकूर पोर्टलच्या हेल्पडेस्कला मेल करा, त्याच दिवशी, रात्री बाराच्या आधी. नुसत्या फोनची कुठे नोंद राहत नाही.

साइट परत चालू झाली की नवीन फॉर्म भरायला घेऊ नका. आधी जुन्या लॉगिनने आत जा आणि तुमचा अर्ज कोणत्या अवस्थेत आहे ते बघा. अडकलेल्या वेळी दाबलेलं सबमिट कित्येकदा तिकडे पोचलेलं असतं, आणि दुसरा अर्ज भरला की दोन्ही डुप्लिकेट म्हणून बाद व्हायची पाळी येते.